इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी: ‘यर्न’ या शब्दाचा क्रमवार माग

इंग्रजीतला एखादा शब्द आणि संस्कृत किंवा मराठीतला एखादा शब्द कानाला सारखे लागले, अर्थही थोडाफार जुळला, की ‘हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला’ असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे. या लेखनातली चूक बहुतेक वेळा माहितीच्या अभावाची नसून क्रमाची असते. दोन दूरच्या भाषांतले शब्द शेजारी ठेवून पाहणे हे काम सर्वांत शेवटी करायचे असते. ते सर्वांत आधी केले जाते आणि मधले टप्पे गाळले जातात. ते टप्पे येथे एकाच शब्दावर करून दाखवले आहेत. तो शब्द म्हणजे ‘यर्न’ हे क्रियापद: एखाद्या गोष्टीची उत्कट ओढ लागणे, तिच्यासाठी आसुसणे. हाच शब्द निवडला, कारण संस्कृतात त्याचा एक खरा नातलग आहे आणि नातलग असल्याचा भास निर्माण करणारे शब्द मात्र अनेक आहेत. खऱ्याखोट्याची निवड कशी करायची, हे त्यामुळे नीट दाखवता येते.

पूर्वतयारी

पहिले काम म्हणजे शब्दाचे रोमन स्पेलिंग कागदावर लिहून ठेवणे. देवनागरीत आपण उच्चार लिहितो, त्यामुळे व्युत्पत्तीला लागणारी खूण अनेकदा पुसली जाते. ‘यर्न’चे स्पेलिंग वाय-ई-ए-आर-एन असे आहे. यातला पहिला वाय काढला तर ‘अर्न’ म्हणजे कमावणे हा शब्द उरतो. पहिला ई काढला तर ‘यार्न’ म्हणजे सूत. शेवटचा एन काढला तर ‘यिअर’ म्हणजे वर्ष. चारही शब्दांची मुळे वेगवेगळी आहेत. ‘अर्न’ हा जर्मानिक भाषांतल्या, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच ज्या कुळातल्या आहेत त्या कुळातल्या, सुगीच्या शब्दाशी जोडलेला आहे. ‘यार्न’चे मूळ आतड्याच्या अर्थाचे आहे आणि आपण रोज वापरतो तो ‘हर्निया’ हा लॅटिन शब्द त्याचा दूरचा आप्त आहे. एका अक्षराचे अंतर असलेले शब्दही एकमेकांचे कोणी लागत नाहीत, ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की केलेली बरी.

दुसरे काम कोश हाताशी ठेवण्याचे. आधुनिक इंग्रजीसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी पाहावी. तिची ऑनलाइन आवृत्ती सशुल्क असली, तरी मोठ्या ग्रंथालयांत तिचे जुने खंड पाहायला मिळतात. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश आणि प्राचीन इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश, हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. संस्कृतसाठी मोनिअर-विल्यम्स यांचा १८९९चा कोशही तसाच उपलब्ध आहे. झटपट माहिती देणारी व्युत्पत्तीची संकेतस्थळे पहिल्या अंदाजापुरती ठीक आहेत, पण निष्कर्ष त्यांवर टेकवू नये.

तिसरे काम म्हणजे कागदावर चार रकाने आखणे: काळ, रूप, अर्थ आणि पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला, तर त्या ओळीतले विधान लेखात घ्यायचे नाही.

टप्पा १: आजचा अर्थ वापरातून ठरवा

कोशातला एक प्रतिशब्द उचलून पुढे जाऊ नये. वेगवेगळ्या लेखकांची निदान पाचसहा वाक्ये जमवावीत आणि क्रियापदाबरोबर कोणती अव्यये येतात ते पाहावे. ‘यर्न’नंतर आज बहुधा ‘फॉर’ येते, किंवा ‘टू’ येऊन पुढे दुसरे क्रियापद येते. जुन्या लेखनात ‘आफ्टर’, ‘ओव्हर’ आणि ‘अपॉन’ही आढळतात. ‘फॉर’ आले की जे जवळ नाही त्याची ओढ कळते. ‘ओव्हर’ किंवा ‘अपॉन’ आले की समोर असलेल्या माणसाविषयीचा कळवळा कळतो. अर्थाचे हे दोन पदर पुढे उपयोगी पडतात, म्हणून त्यांची नोंद आत्ताच करावी.

या शब्दात साधी इच्छा नसते. ज्याची ओढ लागली आहे ते दूर असते, हरवलेले असते किंवा हाती येण्यासारखे नसते, आणि ती भावना टिकून राहते. संध्याकाळी चहाची तल्लफ येते तिला इंग्रजीत ‘क्रेव्ह’ हे क्रियापद चालेल. परदेशी राहणाऱ्या माणसाला गावाकडची जी ओढ लागते तिला ‘यर्न’ चालेल.

तपासणी: तुम्ही जमवलेल्या प्रत्येक वाक्यात तुमचा मराठी अर्थ घालून पाहा. एकाही वाक्यात तो अडला, तर अर्थ अपुरा आहे आणि पुढे जायचे नाही.

टप्पा २: शब्द कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

इंग्रजी शब्द ढोबळमानाने तीन जातींचे असतात: मुळापासून इंग्रजीचे असलेले, दुसऱ्या भाषेतून घेतलेले आणि कोणीतरी जाणीवपूर्वक घडवलेले. जात ठरली नाही, तर पुढचा तपास चुकीच्या दिशेने जातो, कारण तिन्हींसाठी लागणारा पुरावा वेगळा असतो. ओढीच्या अर्थाचेच तीन शब्द पाहू.

‘नॉस्टॅल्जिया’ हा घडवलेला शब्द आहे. योहानेस होफर याने १६८८मध्ये बाझल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात तो प्रथम वापरला. घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांची स्थिती सांगणारा ‘हाइमवे’ हा शब्द जर्मनमध्ये होता. त्याला शास्त्रीय रूप देण्यासाठी होफरने घरी परतणे या अर्थाचा ‘नोस्तोस’ आणि वेदना या अर्थाचा ‘आल्गोस’ असे दोन ग्रीक शब्द जोडले. अशा शब्दाच्या बाबतीत घडवणारा, साल आणि हेतू यांचा पुरावा मिळाला की काम झाले. शतकानुशतकांचे ध्वनिबदल शोधत बसण्याचे कारण नाही. ‘हा शब्द प्राचीन ग्रीक आहे’ असे विधान मात्र चुकीचे ठरते. त्याचे तुकडे ग्रीक आहेत. शब्द सतराव्या शतकातला आहे.

‘पाइन’, म्हणजे विरहाने किंवा ओढीने झिजणे, हा फार जुना पण बाहेरून आलेला शब्द आहे. शिक्षा या अर्थाच्या लॅटिन ‘पोएना’पासून प्राचीन इंग्रजीत छळणे, यातना देणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि पुढे त्याचा अर्थ स्वतःच यातना भोगत झुरणे असा वळला. पाइनचे झाड वेगळ्या लॅटिन शब्दातून आले आहे, त्यामुळे झाडाच्या उदास उभ्या राहण्यावरून झुरण्याची कल्पना काढणारी स्पष्टीकरणे बाद समजावीत.

‘लाँगिंग’ हा घरचा शब्द असून ‘लाँग’ म्हणजे लांब या विशेषणाशी तो जोडलेला आहे. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाची रचना मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल अशी आहे. तिथे ‘मी ओढतो’ असा कर्ता येत नाही. ‘मला ओढ लागते’ अशीच ‘मला’ने सुरू होणारी रचना येते. आजच्या इंग्रजीत ती उरलेली नाही.

‘यर्न’ हाही घरचाच शब्द आहे. म्हणून त्याचा माग लॅटिन किंवा फ्रेंचमध्ये न काढता इंग्रजीच्या जुन्या थरांत आणि जर्मानिक भाषांत काढायचा.

टप्पा ३: शतके मागे मागे जात रूपे गोळा करा

आजपासून सुरुवात करून मागे जावे. अंदाजाने मुळापाशी उडी मारू नये. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये शलमोन राजासमोरच्या दोन स्त्रियांची कथा आहे. मूल कापून वाटून देण्याची आज्ञा होताच खऱ्या आईची आतडी मुलासाठी ‘यर्न’ झाली, असे तिथे म्हटले आहे. ‘आतडे तुटणे’ हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या मराठी वाचकाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या टप्प्यात नोंदवलेला कळवळ्याचा पदर तो हाच. शेक्सपिअरच्या पाचव्या हेन्रीवरील नाटकात, म्हणजे १५९९च्या सुमारास, हे क्रियापद दुःख होणे या अर्थानेही येते: इतरांनी माझी वस्त्रे अंगावर घातली तर मला त्याचे वाईट वाटत नाही, असे राजा सांगतो तेव्हा ‘वाईट वाटणे’ या जागी ‘यर्न’ आहे.

सावधान: आतड्यांचा उल्लेख बायबलच्या भाषांतरातून आला आहे, ‘यर्न’ या शब्दाच्या घडणीतून नव्हे. ‘यार्न’चे मूळ आतड्याच्या अर्थाचे आहे हे आठवून दोन्ही एकत्र जोडण्याचा मोह येथे होतो. तो निव्वळ योगायोग आहे, आणि इतका देखणा योगायोग असला की अधिकच काळजी घ्यावी लागते.

आणखी मागे मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘येर्नेन’ अशा रूपात सापडतो. त्याचे पहिले अक्षर हस्तलिखितांत पुष्कळदा ‘योघ’ या नावाचे असते. इंग्रजीतल्या आजच्या तीनच्या आकड्यासारखे (3) दिसणारे हे अक्षर छपाई रुळल्यावर इंग्रजीतून गेले, आणि जुना मजकूर नव्याने छापताना त्याच्या जागी वाय, जी किंवा झेड घातला गेला. तेव्हा छापील आवृत्तीत जी दिसला म्हणून उच्चार ‘ग’ होता असे धरू नये.

त्याच्याही मागे, साधारण ११००पूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत, क्रियापदाचे लेखन जी-आय-ई-आर-एन-ए-एन असे आहे आणि शेजारी उत्सुक, आतुर या अर्थाचे ‘येओर्न’ हे विशेषण आहे. क्रियापद या विशेषणापासून बनले आहे. म्हणजे मूळ कल्पना आतुरतेची आहे. दुःखाची आणि कळवळ्याची छटा पुढे आली.

सावधान: प्राचीन इंग्रजीत आरंभीचा जी नसलेले, धावणे या अर्थाचे एक क्रियापदही आहे आणि मध्ययुगात त्याचेही रूप ‘येर्नेन’ होते. कोशात एकाच रूपाखाली दोन नोंदी दिसल्या, तर अर्थ पाहूनच योग्य ती निवडा. ‘आतुर माणूस धावत सुटतो’ अशी जुळणी करून दोन्ही नोंदी एकत्र करणे ही अभ्यासूंच्या हातूनही होणारी चूक आहे.

टप्पा ४: सख्ख्या भाषांत शब्द शोधा

संस्कृतकडे वळण्याची वेळ अजून आलेली नाही. इंग्रजीच्या सख्ख्या भाषा म्हणजे जर्मन, डच, जुनी नॉर्स आणि चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरामुळे टिकून राहिलेली गॉथिक. पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकलेल्या अनेकांना ‘गेर्न’ हा शब्द अगदी सुरुवातीच्या धड्यांपासून ठाऊक असतो: एखादी गोष्ट आवडीने, आनंदाने करणे. तो ‘यर्न’चा सख्खा भाऊ आहे. गॉथिकमध्ये इच्छा करणे या अर्थाचे ‘गेर्न्यन’ आहे आणि ‘फेहुगेर्न्स’ म्हणजे लोभी असा जोडशब्दही आहे. त्यातला ‘फेहु’ म्हणजे धन, आणि तो संस्कृत ‘पशु’चा आप्त, पशुधन हेच धन होते त्या काळातला. जोडशब्दाच्या दुसऱ्या भागात आपला शब्द हवे असणे याच अर्थाने उभा आहे, म्हणून हा पुरावा भक्कम मानायचा.

तपासणी: सख्ख्या भाषांपैकी निदान दोघींत रूप आणि अर्थ दोन्ही जुळले पाहिजेत. एकीतच जुळले, तर शब्द उसना असण्याची शक्यता आधी तपासा.

टप्पा ५: ध्वनीचा नियम लावून पाहा

सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि वगळला जातो तोही नेमका हाच. जर्मनमध्ये ‘ग’ आणि इंग्रजीत ‘य’ का, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर एका शब्दापुरते चालत नाही. प्राचीन इंग्रजीत ए, इ यांसारख्या जिभेच्या पुढच्या भागातून निघणाऱ्या स्वरांपूर्वी ‘ग’चा उच्चार ‘य’ झाला. तसे असेल तर इतर शब्दांतही तेच दिसले पाहिजे, आणि ते दिसते: इंग्रजी ‘येलो’ तर जर्मन ‘गेल्ब’, इंग्रजी ‘यस्टर्डे’ तर जर्मन ‘गेस्टर्न’, इंग्रजी ‘यार्न’ तर जर्मन ‘गार्न’. याच ओळीत ‘यर्न’ आणि ‘गेर्न’ बसतात.

मात्र इंग्रजीतला प्रत्येक आरंभीचा ‘य’ या वाटेने आलेला नाही. ‘यिअर’ला जर्मनमध्ये ‘यार’ आहे, ‘यंग’ला ‘युंग’ आहे, तिथेही ‘य’च. म्हणजे इंग्रजी ‘य’चे उगम दोन आहेत: एक मूळचाच ‘य’, दुसरा ‘ग’पासून झालेला ‘य’. कोणता शब्द कोणत्या गटातला, हे जर्मन रूप पाहिल्याशिवाय इंग्रजीवरून कळत नाही. चौथा टप्पा आधी का करायचा, याचे कारण हे आहे.

टप्पा ६: आता संस्कृतकडे वळा

मूळच्या ‘य’ला संस्कृतातही ‘य’ मिळतो: ‘यंग’ आणि ‘युवन्’, ‘योक’ आणि ‘युग’. जर्मानिक ‘ग’ला संस्कृतात काय मिळते, हे पुन्हा ओळखीच्या शब्दांवरून ठरवायचे. जर्मन ‘गान्स’ आणि इंग्रजी ‘गूस’ म्हणजे हंसजातीचा पक्षी, संस्कृत ‘हंस’. जर्मन ‘गेस्टर्न’ म्हणजे काल, संस्कृत ‘ह्यस्’. जर्मन ‘गेल्ब’ म्हणजे पिवळा. संस्कृत ‘हरि’, त्याच रंगाचा. तीन स्वतंत्र शब्दांत जर्मानिक ‘ग’समोर संस्कृत ‘ह’ उभा आहे. तेव्हा ‘गेर्न’चा नातलग ‘ह’ने सुरू होणाऱ्या आणि पुढे ‘र’ असणाऱ्या, आवडणे किंवा इच्छिणे या अर्थाच्या शब्दात शोधायचा. तो ऋग्वेदात आहे: ‘हर्यति’, म्हणजे आवडीने स्वीकारतो, इच्छितो. त्याच वाटेने ग्रीकमध्ये प्रसाद, कृपा या अर्थाचा ‘खारिस’ मिळतो.

या कसोटीवर मोहाचे शब्द आपोआप गळतात. ‘याचना’ हा शब्द ‘यर्न’ला कानाने जवळचा, अर्थानेही बरा. पण संस्कृत ‘य’समोर जर्मनमध्ये ‘य’च यायला हवा होता आणि तिथे ‘ग’ आहे. शिवाय ‘याच्’मधल्या ‘च’चा आणि ‘यर्न’मधल्या ‘र’चा काहीच मेळ लागत नाही. ‘हर्ष’ हा अधिक फसवा आहे, कारण तिथे ‘ह’ही आहे, ‘र’ही आहे आणि आनंदाचा अर्थही आहे. तरीही तो या घरातला नाही. ‘हर्ष’चा जुना अर्थ अंगावर काटा येणे, केस ताठ उभे राहणे असा असून ‘रोमहर्षक’ या शब्दात तो आजही शाबूत आहे. त्याचा लॅटिन आप्त थरथरण्याच्या अर्थाचा आहे आणि इंग्रजी ‘हॉरर’ त्याच लॅटिन शब्दातून आला.

सावधान: दोन शब्द जितके जास्त सारखे दिसतात, तितका संशय वाढवावा. हजारो वर्षे वेगळ्या वाटांनी चाललेल्या शब्दांनी बदललेच पाहिजे. ‘यर्न’ आणि ‘हर्यति’ कानाला मुळीच सारखे लागत नाहीत, आणि नाते मात्र त्यांचेच आहे.

टप्पा ७: नात्याचा प्रकार आणि खात्रीची पातळी लिहा

‘यर्न’ हा ‘हर्यति’पासून आला, असे लिहिणे चूक आहे. दोन्ही एका अधिक जुन्या मुळापासून आले आहेत. ते मूळ कोणत्याही शिलालेखात किंवा हस्तलिखितात सापडलेले नाही. तुलनेने उभे केलेले आहे. म्हणून कोशकार त्याच्या आधी तारका छापतात. ती तारका उतरवून घेताना गाळली की कल्पिलेले रूप वाचकाला प्रत्यक्ष पुराव्यासारखे दिसू लागते. तारका नेहमी ठेवावी, किंवा ‘कल्पित मूळ’ असे शब्दांत लिहावे.

त्याचबरोबर प्रत्येक विधानाला ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एक शब्द जोडावा. ‘यर्न’, ‘गेर्न’ आणि गॉथिक रूप यांचे नाते निश्चित आहे. ‘हर्यति’शी असलेले नाते नियमाला धरून आहे आणि बहुतेक ठिकाणी मान्य आहे, तरी मूळच कल्पित असल्यामुळे त्याला ‘बहुधा’ म्हणावे. इंग्रजी ‘ग्रीड’ म्हणजे हाव हा शब्दही याच मुळाचा असावा असे काही ठिकाणी म्हटलेले असते. ते ‘अनिर्णित’ या सदरात ठेवावे. ‘डिझायर’ या शब्दामागे आकाशातल्या ताऱ्यांची कल्पना आहे, ही सुंदर कथाही फार तर ‘बहुधा’ म्हणूनच लिहावी. ती सुंदर आहे, एवढ्यावर तिला बढती देऊ नये.

टप्पा ८: मराठी प्रतिशब्द ठरवा आणि नोंद लिहा

प्रतिशब्द व्युत्पत्तीवरून ठरवायचा नसतो, पहिल्या टप्प्यातल्या वाक्यांवरून ठरवायचा असतो. ‘फॉर’ असलेल्या वाक्यांत ‘आस लागणे’, ‘ओढ लागणे’, ‘आसुसणे’ हे बसतात. जुन्या ‘ओव्हर’ किंवा ‘अपॉन’च्या वाक्यांत ‘जीव कळवळणे’ किंवा ‘आतडे तुटणे’ बसते. ‘हुरहूर’ वापरताना जपावे, कारण हुरहूर कशाची लागली आहे हे माणसाला नेहमी सांगता येत नाही, आणि ‘यर्न’ला मात्र नेमके लक्ष्य असते. ‘नॉस्टॅल्जिया’साठी रूढ झालेल्या ‘स्मरणरंजन’ या शब्दात रंजन आहे, वेदना नाही. आजच्या हलक्या वापराला तो पुरतो; होफरच्या काळातला मजकूर अनुवादित करताना तो चालणार नाही, तिथे ‘घराच्या ओढीचा आजार’ असे सरळ लिहावे.

सगळे टप्पे पार पडल्यावरची नोंद अशी दिसते:

यर्न, क्रियापद. जे दूर किंवा अप्राप्य आहे त्याची आस लागणे, त्यासाठी आसुसणे. जुन्या वापरात कळवळा येणे, दुःख होणे. मूळचा इंग्रजी शब्द. प्राचीन इंग्रजीत आतुर या अर्थाच्या ‘येओर्न’ या विशेषणापासून. जर्मन ‘गेर्न’ आणि गॉथिक ‘गेर्न्यन’ हे सख्खे नातलग, निश्चित. आवडणे, इच्छिणे या अर्थाच्या कल्पित मूळापासून; त्याच मुळाचे संस्कृत ‘हर्यति’ आणि ग्रीक ‘खारिस’, बहुधा. ‘अर्न’, ‘यार्न’, ‘याचना’ आणि ‘हर्ष’ यांच्याशी संबंध नाही.